दमसास आणि नित्यनेम

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या शर्यती जवळ आल्या की आपली मुले पंधरा दिवस पहाटे उठून धावतात आणि बक्षीस-समारंभ आटोपताच पुन्हा अंथरुणाला मिठी मारतात. या रीतीविषयी दोन शब्द बोलावे, असे आम्ही योजिले आहे.

लांब पल्ल्याचे धावणे ही आदल्या रात्रीच्या घोकंपट्टीने साधणारी परीक्षा नव्हे. नित्य धावणाऱ्याचे हृदय एकेका ठोक्यास अधिक रक्त पुढे ढकलू लागते. स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. यास महिनोन्महिने लागतात; आणि नेम सुटला की ही कमाई काही आठवड्यांतच ओसरू लागते.

बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या श्री. अविनाश साबळे यांचेच उदाहरण घ्या. शेतकऱ्याचा मुलगा, शाळा सहा किलोमीटर दूर, पुढे सैन्यात भरती व सियाचीनच्या बर्फात नेमणूक. त्यांची शर्यत तीन हजार मीटरांची, वाटेत २८ अडथळे आणि पाण्यावरून ७ उड्या. १९८१ पासून अबाधित असलेला राष्ट्रीय विक्रम त्यांनी २०१८ साली मोडला, तेव्हा वेळ होती ८ मिनिटे २९.८० सेकंद. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले, २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. २०२४ साली पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये वेळ झाली ८ मिनिटे ९.९१ सेकंद. म्हणजे सहा वर्षांच्या तपश्चर्येचे फळ वीस सेकंदही पुरते नाही! पंधरा दिवसांच्या उत्साहाने ते कोणाच्या पदरात पडले असते काय?

मात्र नेम म्हणजे अतिरेक नव्हे. पल्ला हळूहळू वाढवावा. विश्रांतीचा दिवस हाही नेमाचाच भाग मानावा.

एक कबुली देणे आमचे कर्तव्य आहे. शिक्षक या नात्याने आम्ही वर्षानुवर्षे पहिल्या आलेल्याच्याच पाठीवर थाप मारली. रोज मैदानावर येणारा, पण शर्यतीत मागे राहणारा एक विद्यार्थी अखेर यायचा थांबला. तो का येत नाही, हेही आम्ही विचारले नाही. ती रुखरुख आजही मनात आहे.

म्हणून मंडळास विनंती, की पुढील वर्षापासून एक बक्षीस वर्षभर न चुकता सराव करणाऱ्या मुलास व मुलीस द्यावे, मग शर्यतीत त्यांचा क्रमांक कितवाही येवो. त्या बक्षिसाचा पहिल्या वर्षाचा खर्च आम्ही आनंदाने उचलू.