पडद्यापुढच्या आणि पडद्यावरच्या बाया
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



नाटक-सिनेमावर काही बोला, असे कार्यकारिणीने सांगितले तेव्हा पुष्कळजणी गालातल्या गालात हसल्या. हिला नाटकाचे वेड, तेव्हा घाला हिच्याच गळ्यात, असा तो बेत होता. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पण वाचनालयातली पुस्तके आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी एवढ्या शिदोरीवर चार शब्द बोलते.

सिनेमा आपल्या देशात पहिल्यांदा दिसला तो मुंबईला, ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंचा माणूस यंत्र घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाला होता. त्याच्या वाटेवर मुंबई बंदर लागले, म्हणून हा खेळ आपल्याकडे झाला. बंदराच्या गावाचे असेच असते. जगातली नवी वस्तू आधी तिथे उतरते, मग आपल्यापर्यंत येते. आपल्या वऱ्हाडची रुई गाठी बांधून ज्या बंदरातून विलायतेला जाई, तिथेच ही हलणारी चित्रे उतरली. एक गेले आणि एक आले!

तिकीट होते एक रुपया. चित्रे सहा, आणि एकेक जेमतेम मिनिटभराचे. आगगाडी स्टेशनात येते, कारखान्यातून माणसे बाहेर पडतात, समुद्रात पोरे डुंबतात, बस् एवढेच. कथा नाही, गाणे नाही, बोलणे नाही. आज आपली पोरे मोबाइलवर असले एक चित्र धड शेवटपर्यंत पाहत नाहीत.

वॉटसन हे गोऱ्या लोकांचे हॉटेल. तिथे आपल्या माणसांची काय सोय! पण आठवडाभरातच हा खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेला. पुढे तिथले दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठेवण्यात आले, आणि पडदानशीन बायकांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी राखीव पेट्या असल्याची जाहिरात झाली. भगिनींनो, मला या साऱ्या हकिकतीत हीच गोष्ट मोठी वाटते. सिनेमा देशात येऊन पुरते दोन महिने झाले नव्हते, तोच बायका पाहायला येतील, त्या आल्या पाहिजेत, हे थिएटरवाल्याने ओळखले. त्याला काही स्त्रियांचा उद्धार करायचा नव्हता, पैसे हवे होते. आणि पेटीचे पैसे परवडणाऱ्यांपुरतीच ती सोय होती. तरी पण दार उघडले ते उघडले. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. तोही बंदराच्या वस्तीतूनच वर आला, हेही सांगायला हवे.

नाटक त्याच्याही कितीतरी आधीचे. नाना शंकरशेटांच्या पुढाकाराने ग्रँट रोडला नाटकगृह झाले होते, तिथे १८५३ साली विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने मुंबईकरांना मराठी नाटक दाखवले. मग किर्लोस्करांची संगीत नाटके आली आणि लोक रात्र रात्र जागू लागले. १८६७ साली नागपूरपर्यंत आगगाडी झाली, अकोला-बडनेरा त्या रुळांवर आले, आणि नाटक मंडळ्यांना पडदे, पेट्या, मुकुट घेऊन वऱ्हाडात उतरणे सोपे झाले. कापसाचा पैसा इथे होताच. आणि आपण केवळ पाहणारेच होतो असेही नाही बरे का! श्रीपाद कृष्ण कोल्हटकर अकोल्याला वकिली करीत, त्यांची नाटके किर्लोस्कर मंडळी मुंबई-पुण्यात करी. आपल्या अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभि’ १९२७ साली मास्टर दीनानाथांच्या बळवंत मंडळीने रंगभूमीवर आणले. मुंबईचे सगळे आणि वऱ्हाडचे काही नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

मात्र त्या सगळ्या नाटकांत शकुंतला, सुभद्रा, भामिनी कोण होत? पुरुष! बालगंधर्वांचे लुगडे नेसणे, त्यांचा अंबाडा, त्यांची वेणी पाहून घरंदाज बायका तसे करू लागल्या. १२ मार्च १९११ रोजी मुंबईला रिपन थिएटरात ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. लोक हे त्यांच्या कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतात, आणि ते खरेच आहे. माझ्या मनात मात्र त्या घरातली आई येते. तिने ती रात्र कशी काढली असेल, हे कुणी लिहून ठेवलेले माझ्या वाचनात आले नाही.

आता दादासाहेब फाळक्यांकडे येते. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन सिनेमात लागला. त्यांचे नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. परंतु त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई आपल्याला ठाऊक असायला हव्यात. यजमानांना यंत्रसामग्री आणायला विलायतेला जायचे, तर दागिने गेले, विम्याची पॉलिसी गहाण पडली. परत आल्यावर घरातच कारखाना. दिवसा काम करणाऱ्या साठसत्तर माणसांचा स्वयंपाक, आणि रात्री अंधारात बसून फिल्मच्या पट्टीला कडेने भोके पाडायची, ती धुवायची. साठसत्तर माणसांचा स्वयंपाक म्हणजे काय, ते लग्नघरी आचारी आला नाही म्हणून चुलीपुढे बसलेल्या बाईला विचारा. एवढे करून पडद्यावर नाव कुणाचे, हे सांगायला नको.

तारामतीच्या कामाला फाळक्यांना बाई मिळेना. चांगल्या घरची येईना, आणि नाचगाण्याच्या धंद्यातल्या बायांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाक करणारा साळुंके नावाचा पोरगा मिळाला. त्याला तिथे महिना दहा रुपये होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. तो तारामती झाला. सती तारामतीची पहिली छबी ही अशी एका आचाऱ्याची! याच साळुंक्याने पुढे १९१७ च्या ‘लंकादहना’त राम आणि सीता दोन्ही केले. हसू नका, कामे त्याने चांगलीच केली.

पण त्याच वर्षी, १९१३ साली, ‘मोहिनी भस्मासुर’ तयार झाला आणि त्यात दोन बाया उभ्या राहिल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमळा मोहिनी झाली. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरी मुलगी, पोटासाठी नाटक कंपनीत शिरलेल्या. लोकांनी काय काय बोलून घेतले असेल, ते आपल्याला कल्पनेने कळते. आपल्या गावात लोक अजून बोलतातच. तीच कमळा म्हणजे कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांची आई आणि विक्रम गोखल्यांची आजी. चार पिढ्या त्या घराने हे काम केले. पुढे १९३१ मध्ये बोलपट आला, ‘आलम आरा’, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये, तर गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’मध्ये पुन्हा तारामतीच, पण या खेपेला दुर्गाबाई खोटे, शिकलेल्या, चांगल्या घरच्या. आचाऱ्यापासून खोटेबाईंपर्यंत यायला एकोणीस वर्षे लागली.

आमच्या आजेसासूबाईंनी पहिला सिनेमा पाहिला तो मात्र तंबूत, जत्रेच्या मैदानात. ‘संत तुकाराम’. तो बोलपट १९३६ चा, यांच्याकडे आला दोनतीन वर्षांनी. दमणी जुंपून घरच्या सगळ्या बाया निघाल्या. पुरुष एकीकडे, बाया एकीकडे, मध्ये कनात. गर्दी एवढी की बायांचा घोळका पडद्याच्या मागच्या अंगाला बसवला. अक्षरे उलटी दिसत होती म्हणे. “मला कुठं वाचता येत होतं बाप्पा, उलटी काय न् सुलटी काय!” असे त्या सांगत. तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा बायांनी पडद्यापुढे पैसे टाकले, हात जोडले. घरी आल्यावर मोठ्या सासऱ्यांनी पंधरा दिवस बोलणे टाकले. कारण काय, तर रात्रीचे बाहेर राहिल्या. तुकाराम पाहून आलेल्या बायांवर हा राग! आजेसासूबाई ते पंधरा दिवस ओव्या म्हणत काढले असे सांगून अशा हसत, की आम्हालाही हसू येई.

हे सगळे मी आज का उगाळत बसले, ते आता सांगते. आपण संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी एकांकिका बसवतो आहोत. पुरुषांची कामेही आपणच करतो. पोलीस पाटलाची मिशी लावून मीच उभी राहणार आहे. साळुंके बाई झाला, मी पाटील होते, फिटंफाट झाली. पण तालमी सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावर दोन सुनांची नावे घरच्यांनी कमी केली. एकीच्या घरून निरोप आला, की चार लोकांपुढे सून उभी करायची नाही. दुसरीच्या घरून निरोपच आला नाही, ती यायची बंद झाली. तिचे काम मी दारामागून ऐकले आहे. आवाज असा खणखणीत, की शेवटच्या रांगेला ऐकू जाईल.

ज्या घरांत संध्याकाळी सासू, सून, मुलगा मिळून दूरदर्शन संचापुढे बसतात, त्यातल्या नट्यांची कामे कशी झाली यावर जेवताना चर्चा करतात, त्याच घरांतून हा नकार येतो, याचे मला नवल वाटते. पाहायला चालते, करायला चालत नाही. १९१३ साली दुर्गाबाईंच्या शेजाऱ्यांचेही हेच म्हणणे असणार. आणि तेही तिकीट काढून पाहायला गेलेच असणार!

मी कुणाच्या घरात भांडण लावायला उभी नाही. एकांकिकेत वावगे काही नाही, वहीची प्रत कार्यवाह वहिनींकडे ठेवली आहे, ज्यांना वाचायची त्यांनी वाचावी. त्या दोन्ही भूमिका अजून कुणाला दिलेल्या नाहीत. रविवारी चार वाजता मंडळाच्या खोलीत तालीम आहे. त्या दोन्ही घरच्या सासूबाई आज इथे बसल्या आहेत. त्यांनी सुनांना घेऊन स्वतः यावे, शेवटपर्यंत बसावे, आणि काय ते तिथेच सांगावे. पुढची रांग त्यांच्यासाठी राखून ठेवते.