नालोंगोच्या मक्याची राखण

मागच्या बैठकीत तुम्ही विचारलंत, "ताई, तिकडं आफ्रिकेत खात काय होता?" म्हटलं आज तेच सांगावं.

ह्यांच्या साखर कारखान्यातल्या कामामुळं आम्ही तिघं दोन वर्षं युगांडात होतो. कंपाला-जिंजा रस्त्यावर, मबिरा जंगलाच्या कडेला. चोहीकडं ऊस. पहिल्या दिवशी वाटलं, गावातच आहोत.

आम्ही माळकरी, म्हणून काळजी होती. पण तिथलं रोजचं जेवण म्हणजे मातोके. हिरवी केळी सोलायची, केळीच्याच पानांत बांधून वाफवायची आणि पानासकट दाबून मऊ करायची. वर शेंगदाण्याच्या कुटाचं दाट कालवण. रताळी, कसावा, घेवड्याच्या दाण्यांची उसळ तर होतीच. डोडो नावाची पालेभाजी आणली, तर तो आपला माठच निघाला! चपातीलाही तिथं चपातीच म्हणतात. आपल्याकडून गेलेल्या लोकांनी ती तिकडं नेली. पोशो म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. आपल्या उकडीसारखा, पण मिरची नाही. तो मात्र आम्हाला शेवटपर्यंत नीट गिळता आला नाही.

नोव्हेंबरच्या पावसात हिरवे टोळ येतात, न्सेनेने. पंख-पाय काढून कांद्याबरोबर परततात. पूर्वी ते पुरुषांनीच खायचे. बायकांनी धरायचे, निवडायचे, तळायचे, पण खायचे नाहीत. आहे का नाही! आमच्या पोरानं ते शाळेत खाल्ले. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, आज रेडिओवर कळेल.

आमची शेजारीण नालोंगो. हे नाव नव्हे, जुळ्यांच्या आईला तिथं मानानं असं म्हणतात. तिनं बचत गटातून कर्ज काढून जंगलाकडेच्या तुकड्यात मका लावला होता. त्यांच्या गटाची लोखंडी पेटी असते. पेटीला तीन कुलपं, आणि किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडं. बँक लांब, पण पेटी एकटीला उघडता येत नाही.

कणसं भरली आणि बबून आले. मोठी माकडं, कुत्र्यासारखं तोंड, टोळीनं येतात. खातात थोडं, मोडतात जास्त. नालोंगो मजुरीला जायची, म्हणून जुळ्या मुली शाळा सोडून राखणीला बसू लागल्या. अकरा वर्षांच्या पोरी! बबून पुरुष दिसला की पळतात, बायका-पोरांना जुमानत नाहीत. एकदा एक मोठा नर पोरींच्या अगदी जवळ येऊन दात दाखवून गेला. त्या रात्री नालोंगो आमच्या ओट्यावर बसून रडली. कर्ज फेडायचं का पोरी शिकवायच्या, एवढंच ती म्हणत होती.

पुढच्या बैठकीत पेटी उघडायच्या आधी हाच विषय निघाला. कर्जाला मुदत मिळाली, ती मिळालीच असती. पण एक म्हातारी म्हणाली, माकडाला मुदत कळत नाही. मग राखणीच्या पाळ्या लागल्या, रोज दोघी. नवऱ्यांचे जुने कोट आणि टोप्या घालून, हातात पत्र्याचे डबे घेऊन! आमची पाळी मंगळवारची. आम्ही ह्यांचं कारखान्याचं हेल्मेट घालून बसायचो. बबून फसले का, ते बबूनच जाणे. पण डब्यांच्या आवाजानं लांब राहिले.

निम्म्याहून जास्त मका घरात आला. मुली शाळेत गेल्या. नालोंगोनं पहिल्या पिठाचा पोशो करून आमच्याकडं आणला, आणि त्या दिवशी आम्ही ताट पुसून खाल्लं.