वकील बदलला तरी केस आपलीच

(अमरावती येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मी वकील नाही, हे आधीच सांगते. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला कायद्याचा एक पेपर होता. तो मी पास झाले. पण वकीलपत्र म्हणजे काय, रोजनामा कशाला म्हणतात, पुकारा झाला की काय करायचं, हे मला कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या बायांनी शिकवलं. आज त्यातलीच एक गोष्ट सांगणार आहे. सुनावणी उद्यावर आलेली आणि वकील आज बदलतो, तेव्हा काय करायचं?

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. सुनंदा (नाव बदललं आहे) इथं अमरावतीला एका मेसमध्ये पोळ्या लाटते. तिची पोटगीची केस अकोल्याच्या कौटुंबिक न्यायालयात. घर सोडलं तेव्हा ती भावाकडे अकोल्याला होती, म्हणून २०१९ साली अर्ज तिथं टाकला. पुढं कामासाठी मुलीला घेऊन इकडे आली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याची उलटतपासणी होती. चार वर्षांत पहिल्यांदा तो पिंजऱ्यात उभा राहणार होता. आणि संध्याकाळी सात वाजता तिच्या वकिलांचा फोन आला : मी उद्या येऊ शकत नाही, आणि यापुढं ही केस चालवणार नाही. दुसरा वकील पाहा. माझी हरकत नाही.

कारण फीचं होतं. भावानं ठरलेली रक्कम हप्त्याहप्त्यानं दिली, शेवटचा हप्ता राहिला. केस मात्र लांबत गेली. वकिलांचीही काही बाजू असेल, मी नाकारत नाही. पण ते सांगण्याची वेळ ही नव्हती.

माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? तारीख मागू. आपल्या सगळ्यांचा हाच हिशेब असतो. आणि त्यानं मी एकदा मोठं नुकसान केलेलं आहे. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका बाईच्या केसमध्ये वकील ऐनवेळी आले नाहीत. मीच तिला म्हटलं, घाबरू नको, तारीख घेऊ. पुढची तारीख साडेतीन महिन्यांनी लागली. तेवढ्यात नवऱ्यानं किराणा दुकान भावाच्या नावावर करून टाकलं. नंतर कोर्टात तो हात वर करून मोकळा झाला. त्या बाईनं मला कधी बोल लावला नाही, पण मला ते विसरता आलेलं नाही.

तरी त्या संध्याकाळी मी सुनंदाला म्हटलं, "तारीख मागायची का?" ती म्हणाली, "नोका मागू ताई. वकील बदलला, माहा नवरा थोडीच बदलला! मले तर सारं पाठ हाय."

ती बरोबर होती. उद्या आपल्या बाजूनं कुणी उभंच राहिलं नसतं, तर 'उलटतपासणी नाही' अशी नोंद होऊन त्याची साक्ष संपली असती. तो सांगेल ते जसंच्या तसं रेकॉर्डवर राहिलं असतं. आणि तारीख मिळाली असती तर? तिचा आणखी एक खाडा, आणखी एकदा अमरावती-अकोला. एस.टी.त बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालं, ते चांगलंच झालं. पण खाड्याचा पगार अर्धा कापत नाहीत, पूर्ण कापतात.

रात्री मी अकोल्याच्या ओळखीच्या एका तरुण वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "सकाळी माझं दुसरं काम आहे, पण साडेदहाला भेटा. फाईल आणा." फाईल जुन्या वकिलांकडे. आम्ही पहाटेची एस.टी. धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत दोघींनी मिळून एका कागदावर पाच गोष्टी लिहिल्या. अर्ज कधी आणि कशासाठी केला. आजवर काय काय झालं. आज काय होणार आहे. नवरा काय खोटं सांगतो. आणि ते खोटं आहे हे कोणत्या कागदावरून दिसतं. ती सांगत होती, मी लिहीत होते. बस हलत होती म्हणून अक्षर वाकडंतिकडं आलं, पण पान एकच झालं.

कोर्टात जुन्या वकिलांचे कारकून भेटले. त्यांनी नव्या वकीलपत्रावर ना हरकतीची सही आणून दिली. फाईल मात्र दिली नाही. "बाकी द्या, फाईल न्या." मी वाद घालायला लागले. सुनंदानं माझा हात धरला आणि आपली कापडी पिशवी उघडली. तिच्यात अर्जाची प्रत, नवऱ्याचं उत्तर, त्याचं साक्षीचं प्रतिज्ञापत्र, तात्पुरत्या पोटगीचा आदेश, सगळं प्लॅस्टिकच्या पाकिटात तारखेवार लावलेलं. त्या दुकानवाल्या प्रकरणानंतर आम्ही केंद्रात नियम केला होता की प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स बाईजवळ राहील. तो नियम त्या दिवशी कामाला आला.

पुकारा झाला. वकीलबाईंनी वकीलपत्र दिलं आणि तारीख मागितली नाही. त्या म्हणाल्या, "मला आजच सकाळी केस मिळाली आहे. वाचायला वेळ द्यावा, जेवणाच्या सुट्टीनंतर घ्यावं, आम्ही आजच तपासणी करू." समोरच्या वकिलांनी कुरकुर केली. न्यायाधीशांनी मान्य केलं. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. तारीख न मागता तास मागा. काम टाळायला नाही, काम करायला वेळ हवा आहे, हे दिसलं की तो मिळण्याची शक्यता वाढते.

त्या दोन-अडीच तासांत बाकड्यावर बसून सुनंदानं वकीलबाईंना आपली केस सांगितली. नवऱ्यानं लिहून दिलं होतं की मी दुसऱ्याच्या वावरात मजुरी करतो, महिन्याला सहा हजार मिळतात. सात-बारा सासऱ्याच्या नावावर, त्यामुळे कागदावर तो खरंच भूमिहीन. पण बाजार समितीत सोयाबीन कोण नेतो, विक्रीची पट्टी कुणाच्या नावानं फाटते, पैसे कोणत्या खात्यात जातात, हे तिला माहीत. ट्रॅक्टर त्याच्या नावावर. त्याचा नंबर तिला तोंडपाठ, कारण त्याच्या पहिल्या भरण्यासाठी तिच्या पाटल्या मोडल्या होत्या. हे आधीच्या वकिलांना माहीत नव्हतं. चार वर्षांत त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही "वकील लावून दिला आहे ना" म्हणून निर्धास्त होतो.

दुपारी ट्रॅक्टरचा नंबर विचारल्यावर नवरा आधी नाही म्हणाला, मग "भाऊ चालवतो" म्हणाला, मग गप्प झाला. निकालात सुनंदा आणि मुलगी मिळून साडेसात हजार मंजूर झाले. मागितले होते बारा. तेही थकले आहेत आणि वसुलीचा अर्ज चालू आहे. म्हणजे ही जिंकल्याची गोष्ट नाही. पण त्या दिवशी तारीख घेतली असती तर याहून कमीच हाती लागलं असतं, असं मला वाटतं.

आता कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात.

वकीलपत्र आपण सही करून देतो आणि ते काढूनही घेऊ शकतो. दिवाणी दाव्यात ते कोर्टाच्या परवानगीनं, लेखी देऊन संपवावं लागतं. म्हणून तोंडी "आता मी तुमचा वकील नाही" एवढ्यानं काही होत नाही. बार कौन्सिलचा नियम आहे की वकिलानं पुरेसं कारण असल्याशिवाय आणि पक्षकाराला पुरेशी आगाऊ सूचना दिल्याशिवाय काम सहसा सोडू नये, आणि न केलेल्या कामाची फी परत करावी. नव्या वकिलानं जुन्याची ना हरकत घ्यावी. ती मिळत नसेल तर कारण सांगून कोर्टाची परवानगी मागावी. ना हरकत मिळाली नाही म्हणून केस अडून राहत नाही.

फाईलचं काय? मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेनं १९९३ साली आपल्या वकिलाला दूर केलं. त्यांनी ९७ हजारांवर बिल लावलं आणि ते मिळेपर्यंत फाईली देणार नाही म्हणून अडून बसले. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या नावानं ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००० साली निकाल लागला : फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही. फी वसूल करायला त्यांना दुसरे मार्ग आहेत. कारकुनाशी वाद घालताना मला हा निकाल माहीत नव्हता. तुम्हाला आता माहीत आहे.

वकील गैरहजर राहिला तर त्याची शिक्षा पक्षकाराला का? १९८१ साली रफीक विरुद्ध मुन्शीलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं खेड्यातल्या माणसाची बाजू घेतली. वकील नेमला, फी दिली, आता तो पाहील असं समजून माणूस गावी राहिला, तर त्याचा दोष नाही, असं म्हणून अपील पुन्हा चालवायला लावलं. पण एवढ्यावर विसंबू नका. १९९३ साली सलील दत्ता यांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं सांगितलं की हा सरसकट नियम नाही. तिथं पक्षकार कलकत्त्यातली कंपनी होती, शिकल्यासवरल्या माणसांची. त्यांना ती सवलत मिळाली नाही. तेव्हा बाई हजर राहते, विचारपूस करते, हे रोजनाम्यात दिसलं पाहिजे. वकील येवो न येवो, पुकाऱ्याला आपण उभं राहायचंच.

तारखांबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलं आहे की वकील दुसऱ्या कोर्टात अडकला आहे, हे तारीख देण्याचं कारण नाही. वकील आजारी असला तरी दुसरा वकील वेळेत नेमणं शक्य नव्हतं, अशी कोर्टाची खात्री पटावी लागते. पोटगीच्या अर्जाची प्रक्रिया वेगळी आहे. हा अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होई, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. पण तर्क तोच लागू पडतो. समोरचा नवरा दर तारखेला वकील बदलून वेळ काढत असेल, तेव्हा हाच मुद्दा आपण मांडायचा, विरोध लेखी नोंदवायचा आणि खर्च मागायचा. वकील बदलणं हा आपल्यावर येणारा प्रसंग असतो, तसा तो समोरच्याचा डावही असतो.

आणि वकील मिळालाच नाही तर? कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ सालचा. त्याच्या कलम १३ प्रमाणे तिथं वकील लावणं हा मुळात कुणाचा हक्कच नाही. परवानगी बहुधा मिळते हे खरं, पण बाईला स्वतः बोलता येतं. "माझे वकील आज सकाळपर्यंत होते, आता नाहीत. मला बोलायचं आहे," एवढं तरी म्हणता आलं पाहिजे. शिवाय विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हा कायदा १९८७ चा, लागू झाला नोव्हेंबर १९९५ पासून. अर्ज जिल्हा प्राधिकरणात किंवा तालुका समितीकडे करायचा, चौकशीसाठी १५१०० हा नंबर आहे. वकील रातोरात मिळेल असं समजू नका. म्हणून वकिलांची चालढकल दिसू लागली की तेव्हाच अर्ज करायचा.

एक गोष्ट आपल्या घरातलीही सांगितली पाहिजे. पुष्कळदा वकील भाऊ ठरवतो, भाऊच बदलतो, आणि बाईला कोर्टात गेल्यावर कळतं. फी त्यानं दिली म्हणून वकीलही त्याच्याशीच बोलतात. कोऱ्या वकीलपत्रावर तिची सही घेतली जाते. सुनंदाच्या फीचा हिशेबही तिला माहीत नव्हता. आपण संस्थावाल्या यात वेगळं काय करतो? आपणही "आमचे वकील" म्हणतो, तारीख आपल्या डायरीत लिहितो आणि बाईला फक्त "अमुक दिवशी या" असं सांगतो. मीही चार वर्षं तेच केलं.

म्हणून शेवटी एकच विनंती. परत गेल्यावर आपापल्या केंद्रातली एक चालू केस काढा. त्या बाईला बोलावून विचारा : केसचा नंबर काय, पुढची तारीख कोणती, त्या दिवशी काय होणार, फी किती ठरली, किती दिली, पावती कुठं आहे. सगळ्या कागदांची प्रत तिच्या पिशवीत आहे का, ते बघा. तिला वाचता येत नसेल तर कागदांना खुणा करून द्या. सुनंदा पाकिटांना रंगीत दोरे बांधते. मग तिला तिची केस पाच मिनिटांत सांगायला लावा आणि आपण मध्ये बोलू नका. सांगता आली नाही तर वकील बदलण्याची वाट पाहू नका, त्याच दिवसापासून कामाला लागा.