विडीचा भाव आणि घरचा हिशेब

परवा रावेरच्या बाजारात एका पानाच्या दुकानापाशी उभा होतो. केळीच्या बागेतून कामावरून परतलेले एक गृहस्थ विडीचे बंडल सोडून विड्या मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, "भाव तोच, पन विड्या कमी कशा रे भाऊ?" दुकानदार नुसता हसला. मला मात्र वाटले, वर्गात तासभर बोलूनही जे मुलांच्या गळी उतरत नाही, ते या गृहस्थांनी एका वाक्यात सांगितले. वेष्टनावर छापलेले रुपये म्हणजे भाव नव्हे. त्या रुपयांत पदरात काय पडले, तो खरा भाव.

ग्राहक किंमत निर्देशांकाचे काम याच तत्त्वावर चालते. ठरलेल्या दुकानात ठरलेल्या वेळी जायचे, तीच वस्तू, तेच वजन, तीच प्रत पाहून भाव टिपायचा आणि पायाभूत वर्षाचा भाव 100 धरून त्याच्याशी तुलना करायची. धान्य, कापड, जळण यांच्या पंगतीला पान, सुपारी, तंबाखू व मादक पदार्थ असाही एक गट असतो. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. राज्याच्या कामगार निर्देशांकाचे जळगाव हे एक केंद्र असून, 1961 चे भाव 100 धरून त्याची एक मालिका चालत आली आहे.

आता कोणी म्हणेल, मास्तर, व्यसनाचे भाव सरकारने कशाला मोजावेत? प्रश्न रास्त आहे. पण हा हिशेब नीतीचा नाही, खर्चाचा आहे. निर्देशांकावर लाखो लोकांचा महागाई भत्ता ठरतो. खर्च होतो आहे तो लपवला, तर आकडाच खोटा ठरेल.

मात्र हा आकडा वाचायचा कसा, हे समजून घेतले पाहिजे. 2012 हे पायाभूत वर्ष धरलेल्या अखिल भारतीय मालिकेत या गटाचा भार खेड्यांत 3.26 टक्के आणि शहरांत 1.36 टक्के होता. म्हणजे खेड्यातल्या सरासरी कुटुंबाच्या शंभर रुपये खर्चात सव्वातीन रुपये या गटाचे. हे भाव दहा टक्क्यांनी चढले, तर शंभरात जेमतेम 33 पैशांचा फरक. किरकोळ वाटते, नाही का?

पण सरासरी कुटुंब कोणत्याच गल्लीत राहत नाही. एका घरात तंबाखूची पुडीही येत नाही. शेजारच्या घरात शंभरातले वीस रुपये दारू-तंबाखूत जातात. तीच दहा टक्के वाढ त्या घरात दोन रुपयांची होते, आणि ते दोन रुपये बहुधा दुधातून नाहीतर पोराच्या वहीतून निघतात.

शिवाय काही भाव टिपले जाणेच कठीण. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे. हातभट्टीच्या दारूला ना वेष्टन, ना पावती. आणि खर्चाची पाहणी करणारा दारात आला, तर दारूचा खरा आकडा कोण सांगतो? दारूवरचा करही ज्या त्या राज्याचा. आपल्या सरहद्दीपलीकडे बऱ्हाणपूर लागले की कर बदलला, भावही बदलला. जून 2025 मध्ये महाराष्ट्राने दारूवरील कर वाढवला आणि देशी दारूच्या 180 मिलिलिटर बाटलीची किमान किंमत 80 रुपये ठरवली. देशाच्या सरासरीत अशी वाढ विरघळून जाते, रावेरच्या घरात ती लगेच जाणवते.

आणखी एक गोष्ट. भाव चढला म्हणजे वस्तू महाग झालीच, असे नाही. विडी पाच टक्क्यांनी चढली आणि मजुरी दहा टक्क्यांनी, तर विडी स्वस्तच झाली. कर वाढवून व्यसन आटोक्यात आणायचे असेल, तर भाव मजुरीच्या पुढे गेला की मागे राहिला, हे पाहावेच लागेल. तेवढ्यासाठी तरी हे भाव नेमाने टिपले पाहिजेत.

सरकारचा निर्देशांक सरकार काढील. तुम्ही एवढेच करा. एक वही घाला. महिनाभर पान, विडी, तंबाखू, दारू यांवर गेलेला पैसा तीत लिहा, आणि शेजारी दुधाचा खर्च मांडा. ही वही कोणी मागायला येणार नाही, तेव्हा तीत खोटे लिहिण्याचे कारण नाही. महिनाअखेर दोन्ही बेरजा घरच्या मंडळींसमोर वाचा. तुमच्या घराचा निर्देशांक तोच.