विंडोज १० गेली, संगणक राहिला

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा पाठिंबा थांबवला. त्या दिवशी कुणाच्याही घरातला संगणक बंद पडला नाही. सकाळी तो नेहमीसारखाच सुरू झाला, मुलांचे प्रोजेक्ट छापून झाले, विजेचं बिलही भरून झालं. थांबल्या त्या दर महिन्याला येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून त्या आणखी एक वर्ष मिळवण्याची सोय कंपनीनं ठेवली खरी, पण वर्ष काय, बघता बघता सरतं.

ज्यांच्या संगणकावर विंडोज ११ चढते त्यांचा प्रश्न तिथंच मिटला. ज्यांच्या संगणकावर चढत नाही त्यांची गोष्ट वेगळी. नव्या विंडोजला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली. म्हणजे त्याआधी हौसेनं घेतलेला, आठ जीबी रॅमचा, आजही कुरकुर न करता चालणारा आय-फाइव्ह संगणक या परीक्षेत नापास होतो. यंत्रात बिघाड काहीच नाही. तरी दुकानात नेला की ‘एक्सचेंजमध्ये द्या, नवीन घ्या’ हाच सल्ला मिळतो.

अशा संगणकासाठी दुसरा मार्ग आहे तो लिनक्सचा.

हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या मुलानं ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केलं की आपण हौस म्हणून एक प्रणाली लिहितो आहोत. त्याच्या आठ वर्षं आधी अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली होती. कुणीही वापरावी, उघडून बघावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी, अशी प्रणाली त्यांना उभारायची होती. टॉरवाल्ड्सचा गाभा आणि ग्नूची साधनं एकत्र येऊन लिनक्स ही प्रणाली उभी राहिली आणि पुढं जगभरच्या प्रोग्रामरांनी ती वाढवली. हौशी लोकांचं खेळणं म्हणून तिला हसणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक झाडून सगळे लिनक्सवर चालतात. आणि अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच गाभा असल्यामुळे बहुतेक घरांत ते फोनच्या रूपानं केव्हाच येऊन बसलेलं आहे.

लिनक्सचे अवतार अनेक. उबुंटू, फेडोरा, डेबियन अशी नावं ऐकून नवखा माणूस गोंधळतो. घरच्या वापराला, आणि तेही विंडोजची सवय असलेल्या माणसाला, लिनक्स मिंट सुचवावं. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, उघडलेल्या खिडक्या खालच्या पट्टीवर, सगळं ओळखीचं. इतर अवतारांचे अभिमानी यावर तासभर वाद घालू शकतील, त्यांना घालू द्यावा.

यातली सगळ्यांत चांगली गोष्ट अशी की ते चढवण्याआधी वापरून बघता येतं. मिंटच्या संकेतस्थळावरून साधारण तीन जीबीची फाइल उतरवायची, रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामनं ती आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरवायची. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं मात्र त्यात पुसलं जातं. मग संगणक बंद करून पुन्हा चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, ज्या कंपनीची जी कळ असेल ती दाबायची आणि पेन ड्राइव्ह निवडायचा. संगणक थेट त्या पेन ड्राइव्हवरून सुरू होतो. हार्ड डिस्कवरच्या विंडोजला धक्काही लागत नाही. या अवस्थेत वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, हे निवांत तपासावं. पेन ड्राइव्हवरून चालताना संगणक जरा संथ वाटेल, त्यावरून मत बनवू नये.

प्रिंटर मात्र नक्की तपासावा. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांसाठी कंपनीनंच लिनक्सची सोय केलेली आहे. लेझरजेट १०२०सारखं मॉडेल असेल तर एक जास्तीची फाइल इंटरनेटवरून घ्यावी लागते, एवढंच. पण आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या टेबलापर्यंत सर्वत्र दिसणारा कॅनन एलबीपी २९०० हा लिनक्सवर डोकेदुखी ठरतो. पान मांडण्याचं बरंचसं काम तो संगणकाकडे सोपवतो, त्यासाठी त्याचा खास ड्रायव्हर लागतो आणि तो बसवताना जाणकारांचाही घाम निघतो.

आता मराठी.

संगणकावर युनिकोडमध्ये लिहिणाऱ्या माणसाला काहीच अडचण नाही. त्याची प्रत्येक फाइल लिनक्सवर जशीच्या तशी उघडते. इनस्क्रिप्ट कळफलक तोच, बोटांची जागाही तीच. शिफ्ट दाबून इंग्रजी जे दाबलं की तिथंही ‘ऱ’ उमटतो आणि ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ नीट लिहिता येतात. इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून टाइप करणाऱ्यांसाठी फोनेटिक कळफलक आहे. लोहित हा मुक्त देवनागरी फॉन्ट लिनक्सच्या जगातलाच. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ही मोफत उतरवून घेता येतो.

पण ज्या घरात वीस-पंचवीस वर्षांचा मराठी मजकूर श्रीलिपीत किंवा जुन्या आयएसएमच्या फॉन्टांत पडलेला आहे, तिथं थांबून विचार करावा. या जुन्या पद्धतीत संगणक साठवतो ती रोमन अक्षरांची चिन्हं. त्यांना देवनागरीचा चेहरा देतो तो फॉन्ट. फॉन्ट नसला की ‘सादर प्रणाम’च्या जागी कंस, टक्के आणि उलटेसुलटे रोमन वर्ण दिसतात. ते टाइप करून घेणारं सॉफ्टवेअरही विंडोजसाठी लिहिलेलं. कन्व्हर्टर वापरून असा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण जोडाक्षरं आणि रफार यांत चुका राहतात, पानन् पान वाचून काढावं लागतं. हे काम, खरं म्हणजे, विंडोजवर राहणाऱ्यानंही करून ठेवावं असं आहे.

टॅली वापरणाऱ्या घरगुती व्यावसायिकाची गोष्टही अशीच. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. ‘वाइन’ नावाच्या आधारानं ती लिनक्सवर चालवणारे लोक आहेत, पण जीएसटीची तारीख डोक्यावर असताना असले प्रयोग करू नयेत. पेजमेकरवर लग्नपत्रिका लावणाऱ्यांनीही एक संगणक विंडोजवरच ठेवलेला बरा. डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांनी आपल्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का ते आधी बघावं.

बारकाईनं पाहिलं तर अडचण नव्या प्रणालीत थोडी आणि मागं साठलेल्या कामात फार असते. याचे दोन मोठे पुरावे जगासमोर आहेत. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणालीची वाट धरली आणि २०१९ मध्ये तिथल्या दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी उबुंटूवर बेतलेली नवी आवृत्ती तयार झाली. तिथल्या मुलांनी माउस पहिल्यांदा हातात घेतला तो लिनक्सवरच. त्यांना मोडायची अशी सवयच नव्हती.

जर्मनीतल्या म्युनिक शहराचं नेमकं उलट झालं. २००३ मध्ये तिथल्या नगरपरिषदेनं लिनक्सचा कौल दिला, त्याआधी मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर स्कीइंगची सुट्टी सोडून महापौरांना भेटायला धावले होते. महापौर बधले नाहीत. २०१३ अखेर सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर आले. पण बाहेरून येणारे वर्ड-एक्सेलचे कागद, खात्याखात्यांची जुनी सॉफ्टवेअर आणि कर्मचाऱ्यांची कुरबूर काही संपेना. २०१७ मध्ये परिषदेनं विंडोजकडे परतायचं ठरवलं. हा निर्णय राजकीय होता असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पुढं २०२४ मध्ये त्याच देशातल्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्यानं सुमारे ३०,००० सरकारी संगणक मायक्रोसॉफ्टकडून मुक्त सॉफ्टवेअरकडे नेण्याचं जाहीर केलं.

घराला नगरपरिषदेची डोकेदुखी नसते. ज्या घरात संगणकावर ब्राउझर, बँक, यूट्यूब, फोटो आणि अधूनमधून एखादा अर्ज एवढंच चालतं, तिथं मिंट बिनधास्त चढवावं. अर्ज-पत्रांसाठी लिबरऑफिस सोबतच येतं. आधी सगळे फोटो आणि कागद बाहेरच्या डिस्कवर घ्यावेत. लॅपटॉप बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. डिस्कवर जागा असेल तर विंडोज न पुसता शेजारी मिंट बसवता येतं, आणि संगणक सुरू होताना कुठली प्रणाली हवी ते निवडता येतं. मात्र त्या जुन्या विंडोजवरून बँकेचे व्यवहार करू नयेत, त्याला इंटरनेटही जोडू नये.

वेगाबद्दल भलत्या आशा नकोत. संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवल्यानं जेवढा फरक पडतो, तेवढा कुठल्याही प्रणालीनं पडत नाही. आणि ब्राउझरच्या चाळीस टॅब उघड्या ठेवणाऱ्याची रॅम लिनक्सवरही तशीच संपते.

शिकायचं कुठं, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिस यांचे छोटे धडे मराठी आवाजात, मोफत मिळतात. मिंटची २०२४ मध्ये आलेली २२वी आवृत्ती २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळवत राहील. त्यानंतरची आवृत्ती घ्यायलाही पैसे पडणार नाहीत, आणि टीपीएमची चौकशी तिथं कुणी करत नाही.