ताळा जुळवू नका, ताळा करा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू दिवसभर नेमकं करतेस काय?" असं मघाशी चहाच्या वेळी तिघांनी विचारलं. उत्तर आपल्या गणिताच्या तासातच आहे. भागाकार झाला की बाई ताळा करायला लावायच्या: भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, बरोबर भाज्य. आम्हीही प्रोग्रामच्या प्रत्येक छोट्या भागासाठी असा ताळा लिहून ठेवतो. त्याला युनिट टेस्ट म्हणतात. प्रोग्राममध्ये काही बदललं की सगळे ताळे पुन्हा चालवायचे. जुळला तर हिरवा, चुकला तर लाल.

२०२३ च्या फेब्रुवारीत आपल्या शहराचं नाव बदललं. तेव्हा मी बिलं छापणाऱ्या एका प्रोग्रामवर काम करत होते. शहरांच्या यादीत एका ठिकाणी नाव बदललं आणि ढीगभर टेस्ट लाल झाल्या. कराच्या, सवलतीच्या, ज्यांचा शहराशी काही संबंध नाही त्यासुद्धा! कारण प्रत्येक टेस्टमध्ये आम्ही नमुन्याचा ग्राहक पत्त्यासकट नव्याने लिहिला होता आणि अख्खं बिल अक्षर न् अक्षर जुळवून पाहत होतो.

रात्र झाली होती. मी सगळ्या टेस्टमध्ये 'औरंगाबाद' शोधून नवं नाव टाकलं. सगळं हिरवं झालं, मी घरी गेले. महिन्याभराने एका ग्राहकाच्या अकाउंटंटचा फोन आला. २०२१ चं बिल पुन्हा छापलं तर त्यावर नवं नाव येत होतं, मूळ प्रतीशी जुळत नव्हतं. ही चूक पकडणारी टेस्ट आमच्याकडे होती. ती लालही झाली होती. त्या गर्दीत मीच तिचं उत्तर बदललं होतं.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळते. पहिली, नमुन्याचा ग्राहक एकाच ठिकाणी तयार करायचा. पुढे काय बदलेल ते सांगता येत नाही. गाडीवरचं एमएच २० तसंच राहिलं, पण २०२५ मध्ये स्टेशनचं नाव बदललं तेव्हा त्याचा कोडही एडब्ल्यूबीचा सीपीएसएन झाला. दुसरी, कराच्या टेस्टने फक्त कर तपासायचा. तोही आत कोणत्या रीतीने काढला हे नाही, तर उत्तर बरोबर आलं का एवढंच. तिसरी, टेस्ट लाल झाली की आधी विचारायचं, चूक ताळ्यात आहे की गणितात? उत्तर कळेपर्यंत टेस्टला हात लावायचा नाही.

सांभाळायला जड झालेली टेस्ट माणसाला खोटं बोलायला लावते, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

बाई, ताळा जुळत नसला की मी हळूच बाकी बदलायचे. तुम्ही दर वेळी पकडायचात आणि पूर्ण गणित पुन्हा करायला लावायचात. तेव्हा राग यायचा. आज सर्वांसमोर आभार मानते.