डावा गुडघा

(पनवेल येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



या व्यासपीठावर इतिहासावर बोललं जातं, संतसाहित्यावर, अर्थकारणावर बोललं जातं. मी हाडांचा डॉक्टर. पनवेलमध्ये बसून मला ज्या एका दुखण्याबद्दल सगळ्यांत जास्त बोलावंसं वाटतं, ते म्हणजे गाडी चालवणाऱ्या माणसाचा डावा गुडघा. विषय छोटा वाटेल. पण या गावात तो किती घरांत शिरलेला आहे, हे मी रोज दवाखान्यात बघतो.

आपलं गाव रस्त्यांवर उभं आहे. बोरघाटातून चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता १८३० साली खुला झाला आणि मुंबई-पुणे वाहतूक पनवेलवरून सुरू झाली. पुढे पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता फुटला. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनर आले. कळंबोलीला लोखंडाचा बाजार, तळोज्याला एमआयडीसी. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, त्याचंही तोंड कळंबोलीलाच. एवढे रस्ते जिथे एकत्र येतात, तिथे गाड्या पळत नाहीत. त्या थांबतात, हातभर सरकतात, पुन्हा थांबतात. गुडघ्याचं दुखणं तयार होतं ते या सरकण्यात. द्रुतगती मार्गाच्या साडेचौऱ्याण्णव किलोमीटरमध्ये घाट मोकळा असेल तर क्लचवर पाय फारसा जातच नाही. डाव्या पायाची खरी परीक्षा होते ती वाशीच्या खाडीपुलापासून कळंबोलीच्या सर्कलपर्यंत.

थोडा हिशोब करू. चांगल्या स्थितीतल्या छोट्या गाडीचा क्लच पूर्ण दाबायला ढोबळमानाने दहा किलोंचा जोर लागतो. अडकलेल्या वाहतुकीत मिनिटाला तीनदा क्लच दाबला असं धरा. तासाला १८० वेळा झाला. म्हणजे एका तासात त्या एका पायाने टप्प्याटप्प्याने १८०० किलो ढकलले. क्लच जड होऊन जोर दुप्पट लागत असेल तर ३६०० किलो. उजव्या पायाच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. म्हणून दवाखान्यात मी पहिला प्रश्न विचारतो, कुठला गुडघा? वयामुळे होणारी झीज बहुधा दोन्हीकडे थोडीफार असते. पस्तिशीतला माणूस फक्त डावा गुडघा धरून आला, जिना उतरताना कळ येते म्हणाला, बराच वेळ बसून उठताना पाय आखडतो म्हणाला, तर माझा पुढचा प्रश्न असतो: कुठली गाडी चालवता आणि तिचा क्लच कसा आहे?

हा प्रश्न फार थोड्या ठिकाणी विचारला जातो. एक्स-रे काढतात, गोळ्या देतात, पट्टा बांधतात, वात म्हणतात. माणूस दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत बसतो.

आता गुडघ्यात काय होतं ते बघू. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. वाटीचं काम विहिरीवरच्या रहाटासारखं. दोर तिच्यावरून जातो आणि ओढ वाढते तशी ती मागच्या हाडावर दाबली जाते. जिना चढताना वाटीमागचा हा दाब शरीराच्या वजनाच्या तिप्पटीच्या घरात जातो. क्लच दाबताना तो इतका नसतो, पण दोन गोष्टी त्याला त्रासदायक बनवतात. पहिली, गुडघा वाकलेल्या अवस्थेत जोर लावला की वाटी मागच्या हाडावर जास्त आवळली जाते. दुसरी, क्लच नुसता दाबून सोडला जात नाही, अर्ध्यावर धरून ठेवला जातो. हाफ क्लचवर गाडी सरकवताना तो स्नायू हलत नाही आणि सैलही होत नाही. एकाच ताणात उभा राहतो. वाटीमागची कूर्चा याला हळूहळू कंटाळते आणि पुढच्या बाजूला, वाटीभोवती दुखू लागतं.

तैपेईच्या १२४२ टॅक्सीचालकांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला सहा तास किंवा कमी गाडी चालवणाऱ्यांत गुडघेदुखी ११ टक्के होती, सहा ते आठ तासांत १७, आठ ते दहा तासांत १९ आणि दहा तासांच्या वर २२ टक्के. तास वाढतात तसं दुखणं वाढतं, हे त्या आकड्यांत सरळ दिसतं. आपल्याकडे या तासांच्या जोडीला क्लचही आहे.

आणि क्लच का जड होतो? हा भाग मी गॅरेजमधल्या मिस्त्रींकडून शिकलो आणि मला वाटतं तो प्रत्येक चालकाला माहीत असायला हवा. इंजिनची फिरकी गिअरबॉक्सकडे जाते ती क्लच प्लेटमधून. प्रेशर प्लेट तिला इंजिनच्या चाकावर घट्ट दाबून धरते आणि हा दाब देते एक गोल, बोटं असलेली स्प्रिंग. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग त्या बोटांवर येतं आणि पकड सुटते. प्लेट झिजून पातळ झाली की स्प्रिंग आपल्या मूळ बैठकीतून सरकते, आणि मग तिची बोटं दाबायला अधिक जोर लागतो. म्हणजे क्लच जड होणं हे अनेकदा प्लेट संपत आल्याचं लक्षण असतं. याशिवाय क्लच वायर आतून कोरडी पडते, तिच्यातल्या तारा तुटू लागतात. बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती सुकते. फोर्कचा सांधा झिजतो. या सगळ्यात नव्याने लागणारा जोर चालकाचा गुडघा भरून काढतो.

यातली वाईट गोष्ट ही की क्लच एका दिवसात जड होत नाही. महिन्यामहिन्याने थोडा थोडा होतो आणि पायाला त्याची सवय होत जाते. रोज तीच गाडी चालवणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, क्लच ठीक आहे. म्हणून मी सांगतो, दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या गाडीत बसवा. किंवा त्याच मॉडेलच्या नव्या गाडीत बसून पेडल दाबून बघा. फरक पायाला लगेच कळतो. ही तपासणी फुकट आहे आणि माझ्या मते ती एक्स-रेच्या आधी व्हायला हवी.

बसण्याबद्दल थोडंसं. क्लच पूर्ण खाली गेल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, पार सरळ ताणला जाऊ नये. सीट फार पुढे असेल तर गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवरचा दाब वाढतो. ठेंगण्या माणसांनी, विशेषतः आपल्या भगिनींनी, स्टिअरिंगला चिकटून बसण्यापेक्षा सीटची उंची आणि पाठीमागची उशी यांचा उपयोग करावा. क्लचवर पावलाचा पुढचा भाग ठेवावा आणि जोर मांडीतून, कमरेतून यावा. चपलेत अंगठ्याच्या टोकाने पेडल ढकलणं थांबवा. क्लच लागत नाही तेव्हा पाय बाजूच्या पाटीवर टेकवा, पेडलवर तरंगत ठेवू नका. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा, कारण वाकडं बसलं की कंबरही वाकडी होते.

सिग्नलला गाडी गिअरमध्ये ठेवून क्लच दाबून उभं राहण्याची सवय मात्र मला फार खटकते. न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, पाय खाली घ्या. बोरघाटाच्या चढावर गाड्या अडकतात तेव्हा कित्येक जण ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतात. त्यात प्लेट जळते, रिलीज बेअरिंग झिजतं आणि गुडघ्याला विश्रांती मिळत नाही. गणपतीत गोव्याच्या रस्त्याला लागणाऱ्या कुटुंबांनी हे जरूर लक्षात ठेवावं. पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि इतकी वर्षं त्या रस्त्याने कोकणी माणसाच्या डाव्या पायाला काय दिलं, ते वडखळच्या रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

व्यायाम थोडेच पण रोज करावेत. पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळणं, पाय सरळ उचलून धरणं, नितंबाचे स्नायू बळकट करणं, पोटरी आणि मांडीमागचा ताण सोडवणं. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. गुडघा सुजला, मध्येच अडकला, चालताना दगा देऊ लागला, किंवा लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका. पोटरीची ती सूज रक्ताच्या गाठीमुळेही असू शकते, आणि तिथे वेळ घालवणं धोक्याचं असतं.

आतापर्यंत मी स्वतःची गाडी असलेल्यांशी बोललो. त्यांना क्लच बदलता येतो, सीट सरकवता येते, ऑटोमॅटिक गाडी घेता येते. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांतही क्लच पेडलशिवाय चालणारी सोय आली. पण माझ्याकडे येणाऱ्यांतला मोठा वर्ग दुसऱ्याची गाडी चालवतो. कंटेनर ट्रेलर, टेम्पो, कंपनीच्या बस. गाडी त्याची नाही, क्लच बदलायचा निर्णय त्याचा नाही, आणि पैसे फेरीवर मिळत असतील तर किती तास बसायचं हेही त्याच्या हातात नाही. मोटर परिवहन कामगार कायदा १९६१ चा; २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने त्याची जागा घेईपर्यंत तो लागू होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती, असं तो सांगत होता. बंदराच्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या चालकाला हे वाचून दाखवलं तर त्याला ते दुसऱ्या देशाचं वाटेल. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बदल होऊ शकतो. ट्रकच्या केबिन वातानुकूलित असाव्यात, हा नियम २०२५ मध्ये नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांना लागू झाला. उन्हाने चालक थकतो हे सरकारने मान्य केलं. आपल्या एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर पहिली विजेवरची शिवाई निघाली. तिला क्लच नाही. पण आज रस्त्यावर असलेल्या लाखो गाड्या अजून कितीतरी वर्षं चालणार आहेत आणि त्यांचे चालकही.

म्हणून या सभागृहात जे गाड्यांचे मालक असतील त्यांना माझी विनंती आहे. टायर आणि ब्रेक तुम्ही तपासता, त्यांच्याबरोबर क्लचही तपासा. क्लच जड झालाय असं चालक म्हणाला तर त्याचं ऐका. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्र बदला, नुसती वायर आवळून गाडी बाहेर काढू नका. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, केसपेपरवर चालकाच्या वयाशेजारी गाडीचा प्रकार आणि रोजचे तास लिहा. पावसाळा दीड महिन्यावर आहे. त्याआधी गाड्या गॅरेजला जातीलच, तेव्हा हे काम करून घ्या.